एसएटीचा स्कोअर, अर्ली ॲप्लिकेशन आणि अमेरिकन कॉलेज: या भानगडीत पहिल्यांदाच पडणाऱ्या आईबाबांसाठी

"अर्लीला भरलं की चान्स डबल होतो म्हणे, खरं आहे का?" मूल बारावीत, म्हणजे इथल्या भाषेत सीनियर इयरला गेलं की गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाच्या लाइनीत हा प्रश्न हमखास येतो, आणि त्याच्या मागोमाग दुसरा, "आमच्याचा चौदाशे साठ आहे, पाठवायचा का?" अर्ली म्हणजे नेहमीच्या मुदतीआधी, साधारण १ नोव्हेंबरला अर्ज भरणं, आणि चौदाशे साठ हा एसएटी या १६०० मार्कांच्या प्रवेश परीक्षेचा स्कोअर. विचारणाऱ्याला वाटतं हे दोन वेगळे प्रश्न आहेत, पण तसं नाहीये. तुमच्या मुलाचा स्कोअर त्या त्या कॉलेजच्या मानाने कुठे बसतो हे कळल्याशिवाय अर्लीचा पत्ता कुठे टाकायचा हे ठरवताच येत नाही. लोक बरोब्बर उलटं करतात, आधी स्वप्नातलं कॉलेज ठरतं, मग तिथे अर्ली भरायचं ठरतं, आणि मग ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात स्कोअर पाठवावा की नको यावर घरात वाद सुरू होतात.

हे सगळं लिहितेय ते मुख्यतः अमेरिकेत राहणाऱ्या आणि पहिलंच मूल कॉलेजला जाणाऱ्या मंडळींसाठी, पण पुण्या-मुंबईतून बारावीनंतर थेट इकडे पाठवायचा विचार असेल तर त्यांच्यासाठीही खाली एक तुकडा आहे. एक गोष्ट आधीच डोक्यातून काढून टाका, ती म्हणजे आपल्याकडची सीईटीची पर्सेंटाइल, कॅप राउंड आणि कटऑफ लिस्ट. इथे कटऑफ नावाची गोष्टच नाही. १६०० पैकी १५९० असूनही नकार येतो आणि १४४० वाल्याला होकार येतो, आणि दोन्ही वेळा कॉलेज कोणाला कारण सांगत बसत नाही.

पायरी १: कॉलेजांची यादी टेस्टच्या नियमाप्रमाणे वेगळी करा

२०२० मध्ये कोविडने परीक्षा केंद्रंच बंद पडली म्हणून जवळजवळ सगळ्या कॉलेजांनी एसएटी आणि तशीच दुसरी परीक्षा एसीटी ऐच्छिक करून टाकली. त्या काळात ज्यांची मुलं गेली ते अजूनही छातीठोकपणे सांगतात की "टेस्ट आता लागत नाही", त्यांचं ऐकू नका. एमआयटीने मार्च २०२२ मध्येच परत सक्ती केली. मग २०२४ मध्ये डार्टमथ, येल, ब्राऊन, हार्वर्ड, कॅलटेक, यूटी ऑस्टिन अशी रांगच लागली, त्यांच्या मागे कॉर्नेल, स्टॅनफर्ड, जॉन्स हॉपकिन्स आणि पेन, म्हणजे पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठ. प्रिन्स्टननेही २०२७-२८ च्या ॲडमिशनपासून टेस्ट लागेल असं जाहीर केलंय. जॉर्जटाऊन, जॉर्जिया टेक, पर्ड्यू आणि फ्लोरिडाची सरकारी विद्यापीठं, इथेही स्कोअर लागतो. येलचं जरा वेगळं आहे, तिथे एसएटी किंवा एसीटीऐवजी एपी किंवा आयबी या हायस्कूलमधल्या वरच्या पातळीच्या कोर्सच्या परीक्षांचे मार्क दिले तरी चालतात.

दुसरा ढीग ऐच्छिकवाल्यांचा, त्यात कोलंबिया आहे, ड्यूक आहे, मिशिगन आहे. तिसरा ढीग म्हणजे जिथे स्कोअर बघतच नाहीत, यूसी बर्कली, यूसीएलए आणि त्यांची सगळी भावंडं, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाची सरकारी विद्यापीठं. तिथे १६०० आणा नाहीतर १२००, ॲडमिशन ठरवताना कोणी ढुंकून बघत नाही, तिथे दहावी-अकरावीचा जीपीए, म्हणजे शाळेतल्या मार्कांची सरासरी, घेतलेले कोर्स आणि साडेतीनशे शब्दांची चार उत्तरं यावर काम चालतं. शिवाय यूसीला अर्ली नावाचा प्रकारही नाही, नोव्हेंबरअखेर सगळ्यांचे अर्ज एकदमच. म्हणजे कॅलिफोर्नियात राहून फक्त यूसीच भरायच्या असतील तर या लेखातला अर्धा भाग तुमच्या कामाचा नाही, खुशाल सोडून द्या.

हे नियम दरवर्षी हलतात त्यामुळे शेजाऱ्याच्या मुलीच्या वेळी काय होतं ते विसरा आणि त्या कॉलेजच्या ॲडमिशनच्या पानावर या वर्षीचं काय आहे ते बघा.

पायरी २: कॉमन डेटा सेट उघडा

कुठल्याही कॉलेजचं नाव आणि त्यापुढे "कॉमन डेटा सेट" असं गूगल केलंत की बहुतेक वेळा एक रटाळ दिसणारी पीडीएफ सापडते. प्रायव्हेट कन्सल्टंट जे हजारो डॉलर घेऊन सांगतात त्यातलं बरंचसं त्या पीडीएफच्या सी विभागात फुकट आहे. मी पालकांना नेहमी हीच तीन-चार खणं दाखवते.

सी७ मध्ये कॉलेज स्वतः सांगतं की कशाला किती महत्त्व देतो, जीपीए, टेस्ट, निबंध, शिफारसपत्रं, आणि त्यातच एक ओळ असते, विद्यार्थी आमच्यात किती इंटरेस्ट दाखवतो ते आम्ही बघतो की नाही. सी९ मध्ये आत आलेल्या मुलांचे स्कोअर, २५ वा पर्सेंटाइल ते ७५ वा पर्सेंटाइल, म्हणजे मधली निम्मी मुलं या पट्ट्यात होती असं समजा. सी२१ मध्ये अर्ली डिसिजनला (बांधील अर्ली अर्ज, पायरी ५ बघा) किती अर्ज आले आणि किती घेतले हे आकडे असतात, अर्थात ज्या कॉलेजांत ती सोय आहे तिथेच.

सी९ वाचताना एक गफलत सगळेच करतात. तिथे किती टक्के मुलांनी स्कोअर पाठवला हेही लिहिलेलं असतं, ते आधी बघा. ऐच्छिक कॉलेजमध्ये निम्म्याच मुलांनी स्कोअर पाठवला असेल तर पट्टा फुगलेला असणारच, कारण ज्यांचा बरा होता त्यांनीच पाठवला. त्यामुळे ऐच्छिक कॉलेजचा १५१० ते १५६० आणि सक्तीच्या कॉलेजचा १५१० ते १५६० हे एकसारखे नाहीत.

आणि एकूण बेरीज बघून थांबू नका, विभाग वेगळे बघा. एमआयटीत गणिताचा मधला पट्टा ७८० ते ८०० आहे. म्हणजे आत आलेल्या पोरांपैकी पाऊण पोरांना ७८० किंवा वर. इंजिनीअरिंग किंवा कम्प्युटर सायन्सला भरणाऱ्या मुलाचा गणिताचा ७२० आणि इंग्रजीचा ७८० असेल तर बेरीज १५०० होते आणि आजी-आजोबा पेढे वाटतात, पण अर्ज वाचणाऱ्याच्या डोळ्यात तो ७२० खुपतो.

पायरी ३: परीक्षा कधी द्यायची

एसएटी आता पूर्ण डिजिटल आहे, भारतात आणि इतर देशांत २०२३ च्या मार्चपासून, अमेरिकेत २०२४ च्या मार्चपासून. ब्लूबुक नावाचं ॲप, सव्वादोन तास, आधी इंग्रजी मग गणित, दोन्हीचे दोन-दोन भाग, पहिला भाग कसा गेला त्यावर दुसरा भाग सोपा की अवघड ते ठरतं. पहिल्या भागात घाईघाईत चुका केल्या तर दुसऱ्यात सोपे प्रश्न येतात आणि मग वरचा स्कोअर हाताबाहेर जातो, त्यामुळे मुलाला सांगा की पहिला भाग सावकाश. गणितात डेस्मॉसचा कॅल्क्युलेटर स्क्रीनवरच असतो आणि तो नीट वापरता आला तर बरेच प्रश्न ग्राफ काढूनच सुटतात, त्याची प्रॅक्टिस वेगळी करा.

वेळापत्रक साधारण असं ठेवा: अकरावीच्या मार्चमध्ये किंवा मेमध्ये पहिला प्रयत्न, उन्हाळ्याच्या सुट्टीत अभ्यास, ऑगस्टमध्ये दुसरा. ऑक्टोबरची परीक्षा ही अर्लीवाल्यांसाठी शेवटची लोकल, कारण स्कोअर यायला दोनेक आठवडे लागतात आणि १ नोव्हेंबर समोर उभा असतो. काही कॉलेजं अर्लीसाठी नोव्हेंबरचा स्कोअरही घेतात पण त्याच्या भरवशावर राहू नका.

बऱ्याच कॉलेजांत सुपरस्कोअर चालतो. म्हणजे पहिल्या वेळी इंग्रजी ६९० आणि गणित ७८०, दुसऱ्या वेळी इंग्रजी ७४० आणि गणित ७६०, तर कॉलेज ७४० आणि ७८० धरून १५२० मोजतं. त्यामुळे दुसऱ्या प्रयत्नात जो विभाग कच्चा आहे त्यावरच जोर लावायचा. तिसऱ्या-चौथ्या वेळी वीस मार्क वाढवायला पोराला क्लासला पिटाळण्यापेक्षा त्या शनिवारी निबंध लिहायला बसवा, असं माझं स्पष्ट मत आहे.

पायरी ४: पाठवायचा की नाही

सक्तीच्या कॉलेजांत प्रश्नच नाही. ऐच्छिकच्या ठिकाणी मी वापरते तो ठोकताळा असा: स्कोअर पट्ट्याच्या मध्याच्या वर असेल तर डोळे मिटून पाठवा, २५ व्या पर्सेंटाइलच्याही खाली असेल तर सहसा नको, आणि मधल्या जागेत असेल तर शाळा बघा.

शाळा बघा म्हणजे काय, तर प्रत्येक अर्जासोबत हायस्कूलचं प्रोफाइल जातं, त्यात शाळेचे सरासरी स्कोअर, किती एपी मिळतात, किती मुलं चार वर्षांच्या कॉलेजला जातात हे सगळं असतं. ॲडमिशन ऑफिसर तुमच्या मुलीला अख्ख्या देशाशी नंतर आणि तिच्याच शाळेतल्या मुलांशी आधी ताडून बघतो. एडिसन, प्लेन्सबरो, क्युपर्टिनो, फ्रिस्को, नेपरव्हिल इथल्या शाळांत १४५० म्हणजे गर्दीतला एक, पण जिथे सरासरी हजाराच्या आसपास आहे अशा गावातल्या शाळेतून तोच १४५० आला तर तो उठून दिसतो. डार्टमथने २०२४ मध्ये टेस्ट परत आणताना हेच कारण दिलं होतं, की साध्या शाळांतली हुशार मुलं आपला १४०० चा स्कोअर कमी समजून लपवून ठेवतात आणि त्यामुळे त्यांचंच नुकसान होतं. देशात सरासरी १०२४ वगैरे असते हे लक्षात घेतलं तर १४०० काही खायची गोष्ट नाही, पण आपल्या मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर १५०० च्या खाली कोणी तोंडच उघडत नाही त्यामुळे सगळ्यांनाच आपलं मूल ढ वाटायला लागतं.

आणखी एक, स्कोअर कितीही चांगला असला तरी तो फक्त फाइल वाचायला लावतो. १५६० नंतर अजून दहा-वीस वाढवून काही फरक पडत नाही.

पायरी ५: अर्लीचे प्रकार नीट समजून घ्या, इथेच घोळ होतो

अर्ली डिसिजन, म्हणजे ईडी. हे बांधील असतं. एकाच कॉलेजला भरता येतं, विद्यार्थी, पालक आणि शाळेचा काउन्सेलर तिघांच्या सह्या लागतात, घेतलं तर जायचंच आणि बाकी सगळे अर्ज मागे घ्यायचे. डेडलाइन साधारण १ नोव्हेंबर, निकाल डिसेंबरच्या मध्याला. कोलंबिया, कॉर्नेल, पेन, ब्राऊन, डार्टमथ, ड्यूक, नॉर्थवेस्टर्न, राइस, व्हँडरबिल्ट हे सगळे यात येतात, आणि आता मिशिगननेही ईडी सुरू केलंय. पहिल्या ईडीत नकार आला तर जानेवारीच्या सुरुवातीला ईडी टू असते, एमरी, टफ्ट्स, एनवाययू, वॉशयू, व्हँडरबिल्ट, शिकागो अशा ठिकाणी, निकाल फेब्रुवारीत.

अर्ली ॲक्शन, म्हणजे ईए. हे बांधील नाही, लवकर भरा, लवकर उत्तर घ्या, निर्णय १ मेपर्यंत कळवा. एमआयटी, जॉर्जिया टेक, पर्ड्यू, इलिनॉय, रटगर्स वगैरे.

आणि तिसरा प्रकार, रिस्ट्रिक्टिव्ह अर्ली ॲक्शन. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, स्टॅनफर्ड, नोत्र दाम. बांधील नाही पण इथे भरलं की दुसऱ्या खासगी कॉलेजला अर्ली भरायला साधारणपणे बंदी. सरकारी विद्यापीठांना मात्र भरता येतं, त्यामुळे प्रिन्स्टनला अर्ली आणि सोबत रटगर्स, पर्ड्यू, इलिनॉय असा बेत अगदी चालतो. बारीकसारीक नियम प्रत्येकाचे वेगळे आहेत, नोत्र दामचे हार्वर्डसारखे नाहीत, त्यामुळे साइटवर वाचा.

याशिवाय रोलिंगवाली कॉलेजं, पिट्सबर्ग, ॲरिझोना स्टेट अशी. अर्ज जसे येतात तसे बघतात. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये एक असं ॲप्लिकेशन टाकून ठेवा, पुढे नोव्हेंबरमध्ये हातात एक होकार असला की घरातलं वातावरण इतकं निवळतं की विचारू नका.

पायरी ६: अर्लीची टक्केवारी वाचायला शिका

आता मूळ प्रश्न. ब्राऊनचे आकडे घेऊ कारण ते स्वच्छ आहेत. २०२५ मध्ये आत गेलेल्या बॅचसाठी ईडीला ५,०४८ अर्ज आले आणि ९०६ घेतले, म्हणजे जवळपास १८ टक्के. त्याच वर्षी सगळे मिळून ४२,७६५ अर्ज आणि २,४१८ होकार. ईडीचे वजा केले की उरले ३७,७१७ अर्ज आणि १,५१२ होकार, म्हणजे ४ टक्के. १८ विरुद्ध ४, हे बघून कोणाचीही जीभ लवलवते.

पण त्या ९०६ मध्ये कोण कोण आहे? कोचने आधीच हेरून ठेवलेले खेळाडू जवळजवळ सगळे ईडीतच येतात. ज्यांचे आईवडील तिथेच शिकले ती मुलं बऱ्याचदा ईडीत येतात. समजा, नुसतं समजायला म्हणून, त्या ९०६ पैकी २०० अशी आधीच ठरल्यासारखी होती. मग उरले ७०६ आणि अर्ज ४,८४८, टक्केवारी साडेचौदाच्या आसपास. त्यात ईडीला भरणारी मुलं मुळातच तयारीची, ज्यांचा अर्ज १ नोव्हेंबरला पूर्ण आहे, शाळेत चांगला काउन्सेलर आहे, घरी फीची चिंता कमी आहे. एवढं सगळं वजा केलं तरी फायदा शून्य होत नाही, पण साडेचार पट वगैरे जो दिसतो तो तुमच्या मुलाला मिळणारा फायदा नव्हे.

याच आकड्यांत स्कोअरची गोष्टही लपलीये. त्याच्या आधीच्या वर्षी, टेस्ट ऐच्छिक असताना, ब्राऊनला ईडीचे ६,२४४ अर्ज आले होते आणि ८९८ घेतले होते, म्हणजे १४.४ टक्के. टेस्ट सक्तीची झाल्याबरोबर अर्ज हजाराहून जास्त घटले, घेतलेली मुलं मात्र तेवढीच. टक्केवारी १४ वरून १८ वर गेली ती कॉलेज सोपं झालं म्हणून नाही, स्कोअर नसलेले लोक रांगेतून बाहेर गेले म्हणून. टक्केवारी वाढली असं वाचून हुरळून जाणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं.

खरा फायदा कुठून येतो तर कॉलेजच्या गरजेतून. त्यांना सतराशे बेड भरायचेत, ॲडमिशन दिलेल्यांपैकी किती येतील याचा त्यांना दरवर्षी घोर असतो, आणि ईडीवाला मुलगा म्हणजे शंभर टक्के येणारा. हार्वर्डच्या ख्रिस्तोफर एव्हरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या अर्जांचा अभ्यास करून २००३ मध्ये मांडलं होतं की अर्लीला भरणं हे एसएटीत साधारण १०० मार्क जास्त असल्यासारखं आहे. आकडा जुना आहे, तेव्हाची गर्दी वेगळी होती, पण अंदाज बांधायला तो अजून कामाचा आहे: म्हणजे अर्ली तुम्हाला जरा वर उचलतं, पण पट्ट्याच्या दीडशे खाली असलेल्याला आत ओढून नेत नाही.

ईएचं असं नाही. एमआयटीने २०२५ मध्ये आत गेलेल्या बॅचसाठी अर्ली ॲक्शनच्या १२,०५३ पैकी ७२१ घेतले, ६ टक्के, आणि एकूण साडेचार टक्के. तिथे तुम्ही बांधलेले नाही त्यामुळे कॉलेजला तुम्हाला झुकतं माप द्यायचं कारणच नाही. ईएचा फायदा निराळा आहे. पर्ड्यूत १ नोव्हेंबरनंतर भरलं तर कम्प्युटर सायन्ससारख्या मेजरच्या, म्हणजे मुख्य विषयाच्या जागा उरतीलच असं नाही आणि मेरिट स्कॉलरशिपचाही विचार होत नाही, यूएससीतही मेरिट स्कॉलरशिपसाठी अर्ली ॲक्शनच लागतं. टेक्सासवाल्यांनी यूटी ऑस्टिनचं एक लक्षात ठेवा, शाळेतल्या वरच्या ५ टक्क्यांत असाल तर विद्यापीठात प्रवेश आपोआप पण हवी ती मेजर आपोआप नाही, कम्प्युटर सायन्ससाठी पूर्ण लढाई लढावीच लागते आणि तिथे स्कोअर लागतो.

तर १४६० वाल्या मुलीचं काय? गणित ७५०, इंग्रजी ७१०, कम्प्युटर सायन्स हवंय असं धरू. मी तिला सांगेन की ज्या कॉलेजचा पट्टा १४३० ते १५३० आहे आणि जिथे ईडी आहे, अशातलं तिला खरोखर आवडणारं एक निवड आणि ईडी तिथे टाक. जिथे पट्टा १५२० पासून सुरू होतो तिथे ईडी टाकणं म्हणजे एकुलता एक पत्ता वाया घालवणं. जोडीला दोन-तीन सरकारी विद्यापीठं ईएला, एक रोलिंग. आणि एमआयटीची हौस असेलच तर भर बाई ईएला, ते तुझे हात बांधत नाही, फक्त त्याचे निबंध लिहिताना ईडीवाल्या कॉलेजचे निबंध राहता कामा नयेत.

पायरी ७: ईडीवर सही करण्याआधी फीचा हिशोब

प्रत्येक कॉलेजच्या साइटवर नेट प्राइस कॅल्क्युलेटर असतो, कायद्यानेच ठेवावा लागतो. सप्टेंबरमध्ये दोघांनी एकत्र बसून टॅक्स रिटर्न समोर ठेवून तो भरा. ईडीत गेल्यावर दुसऱ्या कॉलेजची ऑफर दाखवून घासाघीस करता येत नाही. मदत खरंच अपुरी मिळाली तर ईडीतून सुटता येतं हे खरं आहे, पण कॅल्क्युलेटरने आधीच जो आकडा दाखवला होता तोच आला आणि मग "परवडत नाही" म्हणालात तर ते कोणाला आवडत नाही, शाळेलाही नाही, कारण काउन्सेलरची सही आहे आणि पुढच्या वर्षी त्याच शाळेतली दुसरी मुलं भरणार असतात.

एच-फोरवर, म्हणजे आईवडिलांच्या एच-वन नोकरी व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर असलेल्या मुलांच्या आईबाबांनी इथे विशेष लक्ष द्या. मूल केजीपासून इथे शिकलं असलं तरी फाफसा, म्हणजे सरकारी मदतीचा अर्ज भरता येत नाही, सरकारी मदत नाही, आणि बरीच खासगी कॉलेजं त्याला इंटरनॅशनलमध्ये धरतात. इंटरनॅशनलला बहुतेक ठिकाणी मदत मागितली की चान्स कमी होतो. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट, डार्टमथ, ब्राऊन अशी मोजकीच कॉलेजं आहेत जिथे बाहेरच्या देशाच्या मुलांनी मदत मागितली तरी त्याचा ॲडमिशनवर परिणाम होत नाही. सरकारी विद्यापीठात राज्याची स्वस्त फी मिळेल का हे राज्याराज्यावर आहे, रजिस्ट्रारला ईमेल करून लेखी उत्तर घ्या. आणि २१ पूर्ण झालं की एच-फोर संपतो, एफ-वन, म्हणजे विद्यार्थी व्हिसा करावा लागतो, म्हणजे कॉलेजच्या मधेच.

पायरी ८: पुण्या-मुंबईतून भरणाऱ्यांसाठी

अर्लीची डेडलाइन १ नोव्हेंबर म्हणजे एचएससीच्या कितीतरी आधी, सहामाहीचे पेपर आणि दिवाळीचा फराळ यांच्या मधेच कुठेतरी. त्यात जेईईचा क्लास चालू असेल तर ऑक्टोबरमध्ये मुलाचा जीव जातो, जानेवारीत जेईई मेन असते आणि सगळं एकदम होत नाही. एसएटी अकरावीतच उरकून टाकायचा हे त्यावरचं एकमेव औषध.

कागदपत्रांत अडचण ही येते की इथे नववी ते बारावी चारही वर्षांचे मार्क लागतात, आणि महाराष्ट्रात दहावीनंतर शाळा सुटते. म्हणजे नववी-दहावीच्या मार्कशीट एका शाळेकडून आणि अकरावीची ज्युनिअर कॉलेजकडून, तिथे काउन्सेलर नावाचा माणूसच नसतो, मग प्रिन्सिपॉल किंवा व्हाइस प्रिन्सिपॉल यांना कॉमन ॲपवर, म्हणजे अनेक कॉलेजांना एकाच ठिकाणाहून अर्ज भरायच्या साइटवर फॉर्म भरायला बसवावं लागतं. क्लासच्या नादात कॉलेजला पायही न ठेवणाऱ्या मुलांचं इथे फार अडतं, ज्या सरांनी त्याला कधी पाहिलंच नाही ते शिफारसपत्र काय लिहिणार? अकरावीतच दोन सर किंवा मॅडम धरून ठेवा, वर्गात बसा, प्रश्न विचारा. बारावीचा अपेक्षित निकालही त्यांनाच लिहून द्यावा लागतो. हे सगळं जुलै-ऑगस्टमध्ये सुरू करा, गणपतीच्या सुट्टीनंतर ऑफिसात कोणी भेटत नाही.

पायरी ९: डिसेंबरनंतर

तीन उत्तरं येतात. होकार आला आणि ईडी असेल तर त्याच आठवड्यात बाकीचे अर्ज मागे घ्या. नकार आला तर त्या कॉलेजचा विषय संपला, यंदा परत भरता येत नाही.

तिसरं उत्तर डिफर, म्हणजे तुमचा अर्ज रेग्युलरच्या, म्हणजे नेहमीच्या मुदतीत आलेल्या अर्जांच्या ढिगात टाकला, मार्चअखेरपर्यंत थांबा. डिफर झालं की ईडीचं बंधन सुटतं. मग जानेवारीत एक छोटं पत्र पाठवायचं, पानभरसुद्धा नको, अर्ज केल्यानंतर नवीन काय घडलं, पहिल्या सेमिस्टरचे मार्क, डिसेंबरचा वाढलेला स्कोअर असेल तर तो, आणि घेतलंत तर नक्की येईन असं, पण हे शेवटचं खरं असेल तरच लिहा. काकांच्या ओळखीच्या प्रोफेसरचं पत्र, मंदिरातल्या सेवेचे फोटो असलं काही पाठवू नका, त्यांनी काही होत नाही. ईडी टूला दुसरं कॉलेज टाकायचं की डिफरवर भिस्त ठेवायची हे पुन्हा सी९ चा पट्टा बघूनच ठरवा, स्कोअर मध्याच्या खाली असेल तर मी ईडी टूकडे जाईन.

रेग्युलरचे अर्ज मात्र निकालाची वाट न बघता नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत लिहून तयार ठेवा. १५ डिसेंबरला नकार येऊन १ जानेवारीच्या आत आठ कॉलेजांचे निबंध लिहायला रडवेल्या पोराला बसवणं हा अत्याचार आहे. मार्चअखेरीस बाकीचे निकाल येतात, एप्रिलमध्ये मदतीच्या पत्रांची तुलना करा, १ मेच्या आत एका ठिकाणी डिपॉझिट भरा आणि उरलेल्या कॉलेजांना पोर्टलवरून नाही म्हणून कळवून टाका, वेटलिस्टवर ताटकळणाऱ्या मुलांना जागा त्यातूनच सुटतात.